साडेचार मिलिमीटरची फट

८.५ इंच, ५.५ इंच आणि ८.१५ इंच. पहिला आकडा जमिनीत पाडलेल्या भोकाच्या व्यासाचा, दुसरा त्यात सोडलेल्या पोलादी पाइपाचा आणि तिसरा त्या पाइपावर चढवलेल्या जाड रबरी बाहीचा. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर २१६, १४० आणि २०७. पाइप भोकात बरोब्बर मधोमध बसला असेल, तर रबर आणि खडकाची भिंत यांच्यात चहूबाजूंनी जेमतेम साडेचार मिलिमीटरची फट उरते. दोन-तीन किलोमीटर खोलीवरची ही फट बंद करायची असते, आणि तीही वरून कळ न दाबता, काही न फिरवता. रबराने आसपासचं तेल किंवा पाणी पिऊन फुगायचं आणि भिंतीला जाऊन टेकायचं, एवढीच अपेक्षा.

रिगवर याला ‘स्वेल पॅकर’ म्हणतात. विहिरीत पाइप आणि खडक यांच्यामधली पोकळी ठरावीक जागी बंद करणारं कुठलंही साधन म्हणजे पॅकर. जुने पॅकर यांत्रिक असतात: पाइपातून दाब देऊन किंवा पाइप फिरवून त्यातली रबरं दाबून बाहेर काढायची. स्वेल पॅकरमध्ये हलणारा एकही भाग नाही. मोडण्यासारखं त्यात फारसं काही नाही, पण एकदा खाली गेला की त्याला काही सांगण्याचीही सोय नाही. म्हणून त्याचं सगळं यश पाइप खाली सोडण्याआधी कागदावर मांडलेल्या गणितावर अवलंबून असतं. ते गणित शाळकरी आहे, फक्त प्रत्येक आकडा खरा असावा लागतो.

पहिलं गणित घेऊ. रबर पाइपाला घट्ट चिकटवलेलं असतं आणि दोन्ही टोकांना पोलादी कडी असते, त्यामुळे ते लांबीला फारसं वाढत नाही, जाडीलाच वाढतं. म्हणजे आडव्या छेदाचं क्षेत्रफळ मोजलं की पुरे. ८.५ चा वर्ग उणे ५.५ चा वर्ग, भागिले ८.१५ चा वर्ग उणे ५.५ चा वर्ग. उत्तर १.१६. रबर १६ टक्के फुगलं की भिंतीला लागलं. हलक्या तेलात मोकळं सोडलं तर हे रबर दुपटीच्या पुढे फुगू शकतं, तेव्हा १६ टक्के म्हणजे किरकोळ.

पण हा हिशेब भोक ठरल्याप्रमाणे असेल तरच खरा. खडक ढासळतो, ड्रिलिंगच्या चिखलाने धुपतो, आणि साडेआठ इंचांचं भोक कुठे नऊ, कुठे दहा इंचांचं होऊन बसतं. तोच पाइप आणि तेच रबर ठेवून बाकीचे आकडे काढले, तर असं दिसतं:

| भोकाचा व्यास (इंच) | टेकण्यासाठी फुगावं लागेल |
|---|---|
| ८.५ | १६ टक्के |
| ९.० | ४० टक्के |
| ९.५ | ६६ टक्के |
| १०.० | ९३ टक्के |
| १०.५ | १२१ टक्के |

व्यासात दीड इंचाचा फरक पडला आणि रबराचं काम जवळजवळ सहापट झालं. शिवाय टेकणं म्हणजे बंद होणं नव्हे. फुगायची ताकद शिल्लक असताना भिंत आडवी आली, तर ती शिल्लक ताकद भिंतीवर दाब बनून बसते, आणि फट बंद होते ती या दाबाने. दहा इंचांच्या भोकात रबराची बरीचशी ताकद नुसतं तिथवर पोहोचण्यात खर्च होते. वर आणखी एक अडचण: जितकं जास्त फुगावं तितकं रबर मऊ पडतं. म्हणून पॅकर नेमका कुठल्या मीटरवर बसवायचा हे ठरवण्याआधी विहिरीच्या व्यासाचा आलेख, म्हणजे कॅलिपर लॉग, बघतात. धुपलेल्या जागेपासून पाच-दहा मीटर वर किंवा खाली सरकलं तर ९३ चे १६ टक्के होऊ शकतात. सगळ्या प्रकरणात फुकटात मिळणारा फायदा हा एवढाच.

आडव्या विहिरीत ‘मधोमध’ हा शब्दही नाममात्र. पाइप स्वतःच्या वजनाने खाली टेकतो. खालच्या अंगाला फट शून्य आणि वरच्या अंगाला सगळे ८.९ मिलिमीटर. रबर फुगता फुगता पाइपाला थोडं उचलतंही, पण हिशेब वरच्या अंगाचाच धरावा लागतो.

पाण्याचा पसारा

एवढा खटाटोप कशासाठी, तर बहुतेक वेळा पाण्यासाठी. जगातल्या तेल कंपन्या नावाला तेल काढतात, प्रत्यक्षात उपसतात ते पाणी. श्लुम्बर्जे कंपनीच्या नियतकालिकात २००० साली आलेला अंदाज असा होता: जगात रोज साडेसात कोटी बॅरल तेल निघतं आणि त्याबरोबर २१ कोटी बॅरल पाणी. म्हणजे एका बॅरलमागे जवळपास तीन. हे पाणी वेगळं करून त्याची विल्हेवाट लावण्याचा खर्च वर्षाला ४,००० कोटी डॉलरच्या वर.

हे सरासरीचे आकडे झाले. ओमानच्या दक्षिणेतल्या निम्र तेलक्षेत्रात एका बॅरल तेलामागे दहाच्या आसपास बॅरल पाणी निघतं. तिथे २०१० साली बॉअर या जर्मन कंपनीने वाळवंटात शेकडो हेक्टरांवर बोरूची बेटं लावली. विहिरीचं पाणी उतारावरून त्यांच्यातून सोडायचं, उरलंसुरलं तेल बोरूच्या मुळांपाशी जगणाऱ्या जिवाणूंनी खायचं आणि शेवटी पाणी बाष्पीभवनाच्या तळ्यांत उतरवायचं. सुरुवातीची क्षमता दिवसाला ४५,००० घनमीटर होती, पुढे ती लाखावर गेली. वाळवंटात पाणी जास्त झालं म्हणून दलदल करावी लागली. तेलधंद्याच्या अर्थशास्त्रावर याहून बोलकं उदाहरण मला तरी माहीत नाही.

पाण्याचं प्रमाण टक्क्यांत सांगण्याची या धंद्यात रीत आहे आणि ती फसवी आहे. ५० टक्के पाणी म्हणजे एका बॅरल तेलामागे एक बॅरल पाणी. ८० टक्के म्हणजे चार. ९० टक्के म्हणजे नऊ. ९५ टक्के म्हणजे एकोणीस, आणि ९८ टक्के म्हणजे एकोणपन्नास. नव्वदचे पंच्याण्णव झाले हे बैठकीत कोणी सांगितलं तर ऐकायला पाचच टक्के वाटतात. पंप चालवणाऱ्याला काम दुपटीहून जास्त झालेलं असतं.

आता हजार मीटर आडवी विहीर डोळ्यांपुढे आणा. त्यातल्या एकाच शंभर मीटरच्या पट्ट्यात खडकाला भेग आहे आणि तिथून पाणी घुसतं. पाइपाबाहेरची पोकळी सलग असेल तर ते पाणी पाइपाच्या बाजूने सगळ्या लांबीत पसरतं. तो पट्टा आतून बंद केला तरी पाणी बाहेरून वळसा घालून पुढच्या छिद्रातून आत येतं. हीच पोकळी दहा ठिकाणी पॅकरने तोडली, तर विहिरीचे कप्पे होतात आणि वाईट कप्पा तेवढा बंद करता येतो.

उत्तर समुद्रातल्या नॉर्वेच्या ट्रोल क्षेत्राने हे गणित फार ताणून धरलं. १९७९ साली सापडलेलं हे प्रचंड वायूक्षेत्र. त्याच्या पश्चिम भागात वायूच्या खाली आणि पाण्याच्या वर तेलाची पातळ चकती आहे. चांगल्या पट्ट्यात तिची जाडी २२ ते २६ मीटर. वरून वायू खाली ओढला जाऊ द्यायचा नाही, खालून पाणी वर येऊ द्यायचं नाही आणि मधल्या पंचवीस मीटरांत किलोमीटरभर विहीर आडवी चालवायची. यासाठी नॉर्स्क हायड्रो कंपनीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पाइपातल्या प्रवाहाला जागोजाग लगाम घालणारी साधनं वापरायला घेतली. पण लगाम पाइपाच्या आत आणि पोकळी बाहेर मोकळी, असं असेल तर लगामाला अर्थ राहत नाही. बाहेरची पोकळी तोडणारं, बसवायला सोपं आणि स्वस्त असं काहीतरी हवंच होतं.

दोष म्हणून माहीत असलेला गुण

ते सापडलं एका रबरात, ज्याला तेलापासून लांब ठेवा असं प्रत्येक गॅरेजात शिकवतात. त्याचं नाव ईपीडीएम. गाडीच्या ब्रेकमधली रबरी वॉशरं याचीच असतात आणि ब्रेक ऑइलच्या जागी चुकून इंजिन ऑइल ओतलं तर ती फुगून ब्रेक जाम होतात. खनिज तेलाचे रेणू आणि या रबराच्या साखळ्या एकाच घराण्यातल्या, दोन्ही हायड्रोकार्बन. त्यामुळे तेल साखळ्यांमध्ये शिरतं, त्यांना दूर लोटतं. पण साखळ्या एकमेकींना पक्क्या बांधलेल्या असल्याने रबर विरघळून जात नाही, फुगून थांबतं. हाच दोष कामाला लावून २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत इझीवेल या नॉर्वेजियन कंपनीने फुगणारा पॅकर बाजारात आणला. पुढे ती कंपनी हॅलिबर्टनने घेतली. ओमानमध्ये पेट्रोलियम डेव्हलपमेंट ओमान या कंपनीनेही फुगणारी रबरं त्याच दशकात मोठ्या प्रमाणावर वापरली, आणि मस्कतच्या सुलतान काबूस विद्यापीठात त्यांच्या चाचण्या वर्षानुवर्षं चालल्या.

पाणी पिणारं रबर निराळं. रबर स्वतः पाण्याला जवळ करत नाही, म्हणून त्यात पाणी शोषणाऱ्या बहुवारिकाची पूड मिसळतात. बाळाच्या डायपरमध्ये असते त्याच घराण्यातली. पाणी आत ओढलं जातं ते मिठाच्या फरकामुळे: आत क्षारता जास्त, बाहेर कमी, की पाणी आत. बाहेरच्या पाण्यात मीठ वाढलं की हा फरक घटतो. डायपरमधला सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट शुद्ध पाण्यात स्वतःच्या वजनाच्या काही शेपट पाणी धरतो, ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात तीच क्षमता ३० ते ६० पटींवर येते. आणि ०.९ टक्के म्हणजे फक्त ९,००० पीपीएम. समुद्राचं पाणी ३५,००० पीपीएम असतं. तेलाच्या थरांतलं पाणी लाखभर पीपीएमचं असणं नेहमीचं, आणि अमेरिकेतल्या बाक्केनसारख्या क्षेत्रात ते अडीच लाखांच्याही पुढे जातं.

म्हणून पाण्यावर फुगणाऱ्या पॅकरची मागणी नोंदवताना ‘कुठलं पाणी’ हा प्रश्न आधी येतो. समुद्राच्या पाण्यात चाचणी करून घेतली आणि विहिरीत दीड लाख पीपीएमचं पाणी निघालं, तर तो चाचणी अहवाल फाइलला लावण्यापुरताच उपयोगी. उलटही घडतं. आज पाणी कमी खारट आहे, रबर फुगलं. उद्या थरातून जास्त खारट पाणी आलं, तर फुगलेलं रबर काही अंशी आकसतं. तेलावरच्या रबराला हे भय कमी. एकदा शिरलेलं तेल सहसा निघून जात नाही, पाइपाबाहेर पुढे पाणी आलं तरीही. त्याची अडचण दुसरीच आहे: ज्या विहिरीत नुसता कोरडा वायू आहे तिथे त्याला प्यायलाच काही मिळत नाही.

दिवस किती लागतील?

रिगवर हाच प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो. उत्तर ‘काही दिवस ते काही आठवडे’ असं मिळतं आणि विचारणारा वैतागतो. पण ही अनिश्चितता कुठून येते, तेही आकड्यांतच दिसतं.

द्रव रबरात झिरपत जातो, आणि झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या पटीत नाही, जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. समजा झिरपण्याचा गुणांक सेकंदाला एका चौरस मीटरच्या हजार कोटीव्या भागाइतका आहे. मग १० मिलिमीटर जाड रबर पूर्ण भिजायला अंदाजे १० लाख सेकंद, म्हणजे साडेअकरा दिवस. २० मिलिमीटरला तेवीस नव्हे, शेहेचाळीस. आपल्या उदाहरणातल्या बाहीची जाडी ३३.७ मिलिमीटर, तिला १३० दिवस. सुदैवाने पूर्ण भिजण्याची वाट बघावी लागत नाही, १६ टक्क्यांचा पहिला स्पर्श बराच आधी होतो. तरी भोक धुपून दहा इंचांचं झालं असेल तर आपण त्या १३० च्या बाजूला सरकतो, हे विसरून चालत नाही. त्यात तेल घट्ट असेल तर गुणांक आणखी खाली जातो. विहीर गरम असेल तर वर. एकाच कारखान्यातला, एकाच मापाचा पॅकर एका विहिरीत पाचव्या दिवशी टेकतो आणि दुसरीत महिना घेतो, ते यामुळे.

घाईचंही भय असतं. तेलमिश्रित चिखलाने पाडलेल्या विहिरीत तेलावरचं रबर पहिल्या मिनिटापासून पिऊ लागतं. ४,००० मीटर खोल जायचं, एक पाइप १२ मीटरचा, म्हणजे ३३३ पाइप जोडायचे; ताशी १५ जोडले तर २२ तास. मध्येच काही अडलं, पाइप थांबला, तर दोन दिवस. या वेळात रबर साडेचार मिलिमीटरमधला दीड मिलिमीटर जरी खाऊन बसलं, तरी वळणावर अडकण्याची शक्यता वाढते, आणि चुकीच्या जागी अडकलेला पॅकर काढायला कोणी जात नाही. त्यावर उपाय म्हणून रबरावर एक मंद पापुद्रा चढवतात. त्यातून द्रव सावकाश जातो आणि पहिले दोन-चार दिवस हाती लागतात. पुढे तेवढेच दिवस टेकायलाही जास्त लागतात, हे ओघाने आलं.

मऊ रबर, ४५ टन

फुगलेलं रबर हाताला मऊ लागतं. ते विहिरीतला दाब अडवतं यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. ८.५ इंचांचं भोक आणि ५.५ इंचांचा पाइप यांच्यामधल्या कड्याचं क्षेत्रफळ ३३ चौरस इंच. पॅकरच्या वर आणि खाली ३,००० पीएसआयचा, म्हणजे चौरस इंचामागे ३,००० पौंडांचा, फरक असेल, तर त्याच्यावर ९९,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ४५ टनांचा रेटा येतो.

आता पॅकर पाच मीटर लांब आहे असं धरा. भिंतीला टेकलेलं त्याचं क्षेत्रफळ सव्वापाच हजार चौरस इंच भरतं. सगळा रेटा भिंतीवरच्या पकडीने पेलला असं मानलं, तर प्रत्येक चौरस इंचाच्या वाट्याला १९ पौंडांहूनही कमी येतात. गाडीच्या चाकात याहून जास्त हवा असते. तोच पॅकर एक मीटरचा असता तर वाटा पाचपट, ९४ पौंड. मऊ रबराला ताकद लांबीतून मिळते ती अशी, आणि म्हणूनच कंपन्यांच्या तक्त्यांत स्वेल पॅकरची दाबक्षमता लांबीबरोबर वाढताना दिसते. प्रत्यक्षात दाब लांबीभर असा समान वाटला जात नाही, दाबाच्या बाजूचं टोक जास्त सोसतं. पण खरेदीच्या वेळी एक मीटर की पाच, या वादाचा निकाल लावायला एवढा हिशेब पुरतो.

सिमेंटचा जोडीदार

पाइप आणि खडक यांच्यातली पोकळी बंद करायचा जुना मार्ग सिमेंटचा, आणि तो आजही मुख्य आहे. त्याची कामगिरी मोजलेली आहे. मेक्सिकोच्या आखातात अमेरिकेच्या हद्दीतल्या सुमारे १५,५०० विहिरींचे आकडे २००३ च्या सुमारास प्रसिद्ध झाले: ६,६९२ विहिरींत, म्हणजे ४३ टक्के ठिकाणी, एकात एक बसवलेल्या पाइपांमधल्या निदान एका पोकळीत दाब साचत होता. झडप उघडून सोडला की काही काळाने पुन्हा येणारा दाब. पंधरा वर्षं वयाच्या विहिरींत हे प्रमाण निम्म्यावर जातं. याचा अर्थ निम्म्या विहिरी समुद्रात गळत होत्या असा मुळीच नाही. दाब विहिरीच्या आतच अडलेला होता. दाब असलेल्या पोकळ्यांपैकी ४७ टक्के तर सगळ्यांत आतल्या पाइपाच्या होत्या आणि तिथे दोष बहुधा सिमेंटचा नसतो, ट्युबिंगच्या, म्हणजे तेल वर आणणाऱ्या नळीच्या, जोडाचा असतो. पण बाहेरच्या पोकळ्यांत दाब आला, की बोट सिमेंटकडे वळतं.

सिमेंट घट्ट होताना किंचित आकसतं. विहिरीतला दाब वरखाली होतो, पाइप तापतो, निवतो आणि सिमेंटपासून सुटतो. सात इंची पाइपाभोवती फक्त ०.१ मिलिमीटरची फट पडली, तरी परिघभर तिचं क्षेत्रफळ ५६ चौरस मिलिमीटर होतं. साडेआठ मिलिमीटर व्यासाच्या भोकाएवढं. अर्थात इतक्या अरुंद फटीतून प्रवाह जाताना घर्षण प्रचंड, आणि प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाच्या पटीत बदलतो. फट निम्मी केली की प्रवाह एक-अष्टमांश. म्हणून काही ठिकाणी सिमेंटच्या आतच एक आखूड स्वेल पॅकर पुरून ठेवतात. सिमेंट नीट असेपर्यंत तो निवांत. पुढे कधी फट पडली आणि तिच्यातून तेल आलं, की त्या तेलानेच तो फुगतो आणि फट आवळतो. स्वेल पॅकरचा मला सर्वांत पटलेला उपयोग हाच, कारण इथे त्याला साडेचार मिलिमीटर ओलांडायचे नसतात, केसाएवढीच फट भरायची असते.

जिथे तो कमी पडला, तेही सांगायला हवं. २००५ नंतरच्या काळात अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात बाक्केनच्या थरात किलोमीटरांनी लांब आडव्या विहिरी पडू लागल्या. तेल सुटावं म्हणून पाण्याच्या दाबाने खडक फोडायचा तर विहिरीचे कप्पे हवेत, आणि सिमेंटविना कप्पे करायला स्वेल पॅकर अगदी सोयीचा. पॅकर आणि सरकत्या खिडक्या असलेला पाइप खाली सोडायचा, रबर फुगू द्यायचं, मग एकेक कप्पा फोडत यायचं. एप्रिल २०१४ मध्ये राज्याचं उत्पादन दिवसाला १० लाख बॅरलच्या पुढे गेलं, त्यात या पद्धतीच्या विहिरींचा हातभार मोठा होता.

पण खडक फोडायला हजारो घनमीटर थंड पाणी आत जातं, आणि रबर थंडीने पोलादापेक्षा कितीतरी जास्त आकसतं. तापमान ६० अंशांनी उतरलं आणि रबराचं घनफळ अंशामागे दहा हजारांत सहा या दराने घटलं असं धरू. एकूण घट ३.६ टक्के. आपल्या ८.५ इंची भोकात, फुगायची ताकद शिल्लकच नसेल तर, एवढ्याने भिंतीपाशी १.१ मिलिमीटरची फट उघडते, आणि नेमकी तेव्हा, जेव्हा विहिरीत सर्वांत जास्त दाब असतो. ताकद शिल्लक असेल तर फट पडत नाही, भिंतीवरची पकड तेवढी सैल होते. पुढे बाक्केनमधल्या बहुतेक कंपन्या सिमेंट केलेल्या पाइपाकडे वळल्या. कारणं अनेक होती, कप्पे कितीही वाढवण्याची मुभा हे त्यातलं मोठं. मात्र सावकाश, स्थिर परिस्थितीत वर्षानुवर्षं बसून राहायचं काम असेल तिथे स्वेल पॅकर टिकला आणि धसमुसळ्या कामात मागे पडला, हे बाक्केनच्या अनुभवावरून म्हणता येतं.

खात्री कोण देणार

यांत्रिक पॅकर बसला की त्याच दिवशी दाब देऊन तपासता येतो. स्वेल पॅकरला तपासायचं तर आधी त्याची फुगण्याची वाट बघा, आणि तोवर समुद्रातली जॅकअप रिग उभी ठेवली तर दिवसाचं भाडं लाखभर डॉलरच्या घरात. पंधरा दिवस थांबायचं म्हणजे १५ लाख डॉलर, तेही नुसत्या खात्रीसाठी. म्हणून कोणी थांबत नाही. पाइप सोडतात, रिग पुढच्या विहिरीवर जाते, आणि पॅकरने काम केलं की नाही हे पुढे उत्पादनाच्या आकड्यांतून कळतं. हा पॅकर ‘स्वस्त’ म्हणून विकला जातो तेव्हा त्यातलं बरंचसं स्वस्तपण न केलेल्या तपासणीचं असतं. त्या तपासणीची जागा आधीच्या चाचण्यांनी भरून काढायची असते: त्याच विहिरीचं तेल, त्याच क्षारतेचं पाणी, तेच तापमान, आणि त्यात काही आठवडे बुडवून ठेवलेला रबराचा तुकडा. घाईच्या प्रकल्पात पहिली काट याच आठवड्यांवर बसते. माझ्या मते तिथे वाचवलेल्या पैशाइतका महाग पैसा दुसरा नाही.

आपल्याकडे कप्पे करून पाणी अडवण्याचा हा हिशेब लागू पडतो तो मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, मुंबई हायमध्ये. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या रिगने पाडलेल्या विहिरीत तेल लागलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं, आणि १९८० च्या दशकात ते दिवसाला सुमारे ४ लाख ७१ हजार बॅरलच्या शिखरावर पोहोचलं. २०२४ च्या एप्रिलमध्ये ते १ लाख ३४ हजारांच्या आसपास होतं. शिखराच्या २८ टक्के. मुख्य साठा चुनखडीचा, एकावर एक अनेक उपथर, मध्ये शेलचे पापुद्रे, काही भागात वर वायूची टोपी आणि दाब टिकवण्यासाठी कित्येक वर्षं आत सोडलेलं पाणी. अशा साठ्यात उरलेलं तेल कुठल्यातरी एका मोठ्या कप्प्यात वाट बघत बसलेलं नसतं. काही उपथर पाण्याने धुऊन निघालेले असतात आणि शेजारचे जवळजवळ अस्पर्श. कुठल्या थरातून घ्यायचं आणि कुठला बंद करायचा, हे ज्याला जमेल त्याचं उत्पादन वाढेल.

दिवसाला फक्त हजार बॅरल तेल जास्त निघालं, तर ७० डॉलर भावाने वर्षाचे अडीच कोटी डॉलर होतात. डॉलरला ८५ रुपये धरले तर सुमारे २१७ कोटी रुपये. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने या क्षेत्रासाठी तांत्रिक सेवा पुरवणारी कंपनी म्हणून ब्रिटनच्या बीपीची निवड केली. दहा वर्षांच्या कराराच्या काळात तेल आणि वायू मिळून उत्पादन आधार पातळीपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत वाढू शकतं असा बीपीचा अंदाज आहे. पहिली दोन वर्षं ठरलेलं शुल्क मिळेल, त्यानंतरचं शुल्क वाढीव उत्पादनाच्या उत्पन्नाशी बांधलेलं. म्हणजे तिसऱ्या वर्षापासून बीपीला पैसे मिळणार ते जास्तीच्या तेलावायूवर, पाणी कितीही उपसलं तरी त्याचे काही नाहीत.